उंदरांच्या गाठी आणि आईची गोळी

प्रश्न

डॉक्टर, नमस्कार. माझी आई ६३ वर्षांची आहे. काही महिन्यांपूर्वी तिच्या स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं आणि आता केमो चालू आहे. मध्यंतरी तिची डावी पोटरी सुजली. डॉपलर केल्यावर पायाच्या खोल शिरेत, मांडीपर्यंत गुठळी निघाली. आधी पोटात इंजेक्शनं दिली आणि आता गुठळी होऊ न देणारी अपिक्साबॅनची गोळी सकाळ-संध्याकाळ चालू आहे. माझे मामा म्हणतात, रक्त पातळ झालं की कॅन्सरच्या पेशी अंगभर पसरतील, गोळी बंद करा. पुण्याचा भाऊ उलट सांगतो. उंदरांवरच्या प्रयोगांत अशा औषधांनी गाठी कमी झाल्याचं त्याने वाचलंय, म्हणून डोस वाढवून घेऊ आणि सोबत अॅस्पिरिनही सुरू करू, असं त्याचं म्हणणं. शेजारच्या काकू अॅसिट्रॉम ही रक्त न गोठू देणारी दुसरी गोळी घेतात. त्यांच्या सांगण्यावरून आम्ही आईच्या पालेभाज्या बंद केल्या. या सगळ्या गोंधळात आईने मधे दोन दिवस गोळी घेतलीच नाही. प्राण्यांवरचे प्रयोग खरं काय सांगतात? आम्ही कुणाचं ऐकायचं?

एक मुलगी, सातारा

उत्तर

ताई,

प्रयोगांकडे वळण्याआधी एक काम करा. आईने आजची गोळी घेतली का ते बघा. राहिली असेल तर आत्ता द्या, आणि बुडालेल्या दिवसांची भरपाई म्हणून दोन गोळ्या एकदम देऊ नका. अपिक्साबॅनचं रक्तातलं प्रमाण साधारण बारा तासांत निम्मं होतं. त्यामुळे दोन दिवस गोळी चुकली की तिचं संरक्षण जवळजवळ संपलेलं असतं. ते दोन दिवस आईच्या कर्करोगतज्ज्ञांना आजच फोन करून सांगा. पायाची सूज वाढली, अचानक दम लागला, छातीत दुखलं किंवा खोकल्यातून रक्त पडलं तर फोनची वाट न बघता थेट रुग्णालय गाठा. पायातली गुठळी सुटून फुप्फुसात जाऊन अडकली तर जीव जाऊ शकतो. कर्करोगाच्या रुग्णांत मृत्यूचं हे एक मोठं कारण आहे. उंदरांबद्दल मी पुढे जे काही लिहिणार आहे, त्यातलं काहीही या धोक्यापेक्षा मोठं नाही.

आता मामांची भीती. या औषधांनी रक्त पाण्यासारखं वाहतं होत नाही. रक्ताचा दाटपणा तेवढाच राहतो, फक्त गुठळी धरण्याची क्रिया मंदावते. त्यामुळे "पातळ रक्तातून पेशी सहज वाहून जातील" हे चित्र मुळातच बरोबर नाही. कर्करोग आणि गुठळी यांचं नातं मात्र फार जुनं आहे, आणि ते मामांच्या समजुतीच्या अगदी उलट दिशेने जातं.

पॅरिसचे डॉक्टर आर्मां ट्रूसो यांनी १८६५ मध्ये हे नातं नोंदवलं. शिरांमध्ये वारंवार, वेगवेगळ्या जागी गुठळ्या होत असतील तर पोटात कुठेतरी लपलेला कर्करोग शोधा, असं ते सांगत. पुढे तसलीच गुठळी त्यांना स्वतःच्या शरीरात दिसली, त्यावरून आपला आजार त्यांनी ओळखला, आणि १८६७ मध्ये पोटातल्या कर्करोगाने ते गेले. १८७८ मध्ये बिलरोथ या शल्यविशारदाने गुठळीच्या आत कर्करोगाच्या पेशी पाहिल्या. म्हणजे कर्करोग रक्ताला गुठळी धरायला लावतो, आणि त्याच्या पेशी त्या गुठळीत आसराही घेतात. तुमच्या आईचंही असंच झालं असावं. गाठीच्या पेशी रक्त गोठवणारे पदार्थ सोडतात, केमो शिरांच्या अस्तराला त्रास देते, आणि माणूस थकून पडून राहतो. तिन्ही एकत्र आली की पोटरी सुजायला वेळ लागत नाही. यात तुमची किंवा आईची काही चूक नाही.

मग प्रयोगशाळेत लोकांनी उलटा प्रश्न विचारला: गुठळी धरण्याची ताकदच काढून घेतली तर? १९६८ मध्ये गॅसिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या रक्तातले प्लेटलेट, म्हणजे गुठळी धरायला मदत करणारे कण, कमी केले आणि मग कर्करोगाच्या पेशी टोचल्या. दुसरीकडे पसरलेल्या गाठी कमी निघाल्या. इथून पुढे पन्नासेक वर्षं हेपरिनची इंजेक्शनं, वॉरफरिनच्या गोळ्या आणि अपिक्साबॅनसारख्या अलीकडच्या गोळ्या यांच्यावर प्राण्यांत ढीगभर काम झालं. मला स्वतःला त्यातले सर्वांत बोलके वाटतात ते फायब्रिनोजेन नसलेल्या उंदरांवरचे प्रयोग. गुठळीची जाळी ज्या प्रथिनापासून बनते ते फायब्रिनोजेन. ते जन्मापासूनच नसलेले उंदीर संशोधकांनी तयार केले. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात अशा उंदरांत फुप्फुसापर्यंत पोचलेल्या गाठी स्पष्टपणे कमी होत्या. पण मूळ गाठ? ती जशी वाढायची तशीच वाढली.

हे वाक्य भावाला नीट वाचून दाखवा, कारण त्याच्या सगळ्या आशेची मेख इथे आहे. प्राण्यांवरच्या बहुतेक प्रयोगांत रक्त गोठू न देणाऱ्या औषधांनी आधीच असलेली गाठ लहान झाली नाही. रक्तातून नव्या जागी जाऊन रुजण्याचं प्रमाण कमी झालं. १९८९ मध्ये स्तनाच्या गाठी असलेल्या रॅट जातीच्या उंदरांना वॉरफरिन दिलं, तेव्हाही पसरणं घटलं आणि मूळ गाठ होती तशीच राहिली. हेपरिनच्या प्रयोगांतून सर्वसाधारण हेच दिसतं.

असं का होतं, याचं उत्तर २००५ च्या सुमारास बऱ्यापैकी हाती आलं. रक्तात सुटलेल्या कर्करोगाच्या पेशीला शरीरातल्या नैसर्गिक मारक पेशी गाठून संपवतात. पण त्या पेशीभोवती प्लेटलेट आणि फायब्रिन जमले की ती घोंगडी पांघरून पहाऱ्यातून निसटणाऱ्या माणसासारखी वाचते. प्लेटलेट किंवा फायब्रिन कमी केलं की पांघरूण उतरतं. हेपरिनचं आणखी एक काम सापडलं. प्लेटलेट आणि रक्तवाहिनीच्या भिंतीवर पेशीला चिकटू देणारे सिलेक्टिन नावाचे रेणू असतात, त्यांना हेपरिन अडवतं. त्याचा गुठळी न होऊ देण्याशी थेट संबंध नाही. म्हणूनच गोठण्यावर जवळजवळ परिणाम न करणारी, मुद्दाम बदललेली हेपरिनंही उंदरांत पसरण्याला आळा घालताना दिसली.

प्रत्येक प्रयोगाचा निकाल असा एकाच बाजूला पडला, असं मात्र नाही. काही जुन्या हेपरिन प्रयोगांत फुप्फुसातल्या गाठी कमी झाल्या, पण फुप्फुसात न अडकलेल्या पेशी इतर अवयवांत जास्त सापडल्या. मामांच्या म्हणण्याला आधार शोधायचाच तर तो इथे मिळेल. पण ते निकाल मोजके आहेत, विशिष्ट पद्धतीच्या प्रयोगांतले आहेत, आणि माणसांत औषध घेणाऱ्यांचा कर्करोग त्यामुळे जास्त पसरतो असं मोठ्या चाचण्यांत दिसलेलं नाही.

हे प्रयोग कसे केले जातात ते कळलं की निम्मा गोंधळ निवळतो. पुष्कळ प्रयोगांत लाखो कर्करोग पेशी एका झटक्यात उंदराच्या शेपटीच्या शिरेत सोडतात. औषध त्याच्या आधी किंवा अगदी त्याच वेळी दिलेलं असतं. त्या पेशींना पहिली अडथळ्याची जागा मिळते फुप्फुसातल्या बारीक केशवाहिन्यांची, आणि मोजणीही तिथेच होते. माणसात असं काही घडत नाही. निदान होण्याच्या कितीतरी आधीपासून पेशी थोड्याथोड्या रक्तात उतरत असतात, काही रुजलेल्याही असतात, आणि औषध सुरू होतं त्यानंतर. शिवाय हे उंदीर तरुण, एकाच वंशाचे, सारख्याच पिंजऱ्यातले. किलोमागे औषधाची मात्रा अनेकदा माणसापेक्षा बरीच मोठी. प्रयोग काही आठवड्यांत संपतो. ६३ वर्षांची, केमो चालू असलेली बाई आणि तो उंदीर यांच्यात केवढं अंतर आहे ते तुम्हीच बघा.

एकाच औषधाचे दोन निकाल सांगते, म्हणजे माझं म्हणणं पटेल. २०१९ मध्ये एका गटाने दाखवलं की गाठीतल्या मॅक्रोफेज नावाच्या प्रतिकारपेशी स्वतःच रक्त गोठवणारा दहावा घटक बनवतात आणि त्यामुळे गाठीविरुद्धची प्रतिकारशक्ती दबते. या उंदरांना तोच घटक अडवणारं, अपिक्साबॅनच्याच जातीचं रिव्हरॉक्सॅबॅन दिल्यावर प्रतिकारशक्ती जागी झाली, आणि इम्युनोथेरपीच्या औषधाची जोड दिल्यावर परिणाम आणखी वाढला. त्याच वर्षी दुसऱ्या गटाने माणसाच्या स्तनकर्करोगाच्या पेशी उंदरांत वाढवून रिव्हरॉक्सॅबॅन आणि डॅबिगॅट्रॅन ही रक्त न गोठू देणारी दोन्ही औषधं दिली. मूळ गाठीची वाढ थांबली नाही, पसरणंही थांबलं नाही. माणसाची गाठ उंदराच्या अंगात टिकावी म्हणून असे उंदीर प्रतिकारशक्ती नसलेले घ्यावे लागतात. जे काम प्रतिकारशक्तीमार्फतच होतं ते तिथे दिसेल कसं? कुठलाही एक निबंध उचलून "औषधाने गाठ थांबते" किंवा "थांबत नाही" म्हणता येतं. दोघंही आपापल्या उंदरांबद्दल खरंच बोलत असतात.

ही सगळी औषधं एकाच माळेचे मणी समजणंही बरोबर नाही. वॉरफरिन आणि अॅसिट्रॉम 'के' जीवनसत्त्वाचं काम अडवतात. त्या जीवनसत्त्वावर अवलंबून असलेलं एक प्रथिन, गॅस-६, काही गाठींना वाढायला आणि हलायला मदत करतं. २०१५ मध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या उंदरांत वॉरफरिनने नेमका हा मार्ग बंद केला आणि पसरणं कमी झालं, तेही कमी मात्रेत. अपिक्साबॅन 'के' जीवनसत्त्वाला हातच लावत नाही. तेव्हा वॉरफरिनचा एखादा निकाल वाचून आईच्या गोळीकडून तीच अपेक्षा करायला आधार नाही.

आता माणसांबद्दल. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत वॉरफरिनची एक गाजलेली चाचणी झाली. १९८१ मध्ये तिचा पहिला निकाल आला. फुप्फुसाच्या स्मॉल सेल कर्करोगाचे ५० रुग्ण होते. वॉरफरिन न घेतलेल्यांचं मध्यम आयुर्मान २४ आठवडे, घेतलेल्यांचं ५० आठवडे. केवढी खळबळ उडाली असेल! पण १९८४ च्या अंतिम अहवालात फुप्फुसाचे इतर प्रकार, मोठं आतडं, डोकं-मान आणि प्रोस्टेट यांच्या कर्करोगांत जगण्यात फरक निघाला नाही. हेपरिनच्या कुळातल्या डॅल्टेपॅरिनची ब्रिटनमधली चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. फुप्फुसाच्या कर्करोगाचे २,२०२ रुग्ण होते. इंजेक्शन घेणाऱ्यांत गुठळ्या कमी झाल्या, रक्तस्राव वाढला, आयुष्य वाढलं नाही. गोठण्यावर फारसा परिणाम न करणारं नेक्युपॅरॅनिब हे बदललेलं हेपरिन उंदरांत छान चाललं होतं. स्वादुपिंडाच्या कर्करोगात माणसांवर त्याची चाचणी सुरू झाली आणि फायदा दिसण्याची शक्यता नाही म्हणून २०१६ मध्ये थांबवावी लागली. मला या गोष्टीचं मनापासून वाईट वाटतं, कारण स्वादुपिंडाच्या रुग्णांना खरोखर काहीतरी हवं आहे.

भावाने कदाचित नॉर्वेचा अभ्यासही वाचला असेल. २०१७ मध्ये तिथल्या साडेबारा लाखांवर लोकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा वॉरफरिन घेणाऱ्यांत कर्करोगाचं प्रमाण सुमारे १६ टक्क्यांनी कमी दिसलं. आकडा मोठा आहे, पण ही चाचणी नव्हती, नोंदींची तुलना होती. नियमित तपासणीला जाणारा माणूस आणि न जाणारा माणूस यांच्यात औषधाशिवायही शंभर फरक असतात. आणि तो अभ्यास कर्करोग होण्याबद्दल होता, झालेल्या कर्करोगाच्या उपचाराबद्दल नव्हता.

अॅस्पिरिनचा विषय थोडा वेगळा आहे आणि तो अजून जिवंत आहे. ते प्लेटलेटवर काम करतं. केंब्रिजच्या संशोधकांनी २०२५ मध्ये उंदरांत दाखवलं की प्लेटलेटमधून सुटणारं थ्रॉम्बॉक्सेन प्रतिकारशक्तीच्या टी पेशींना दाबून ठेवतं, आणि अॅस्पिरिन तो दाब काढतं. त्याच वर्षी मोठ्या आतड्याच्या कर्करोगात, विशिष्ट जनुकीय बदल असलेल्या रुग्णांत, कमी मात्रेच्या अॅस्पिरिनने आजार उलटण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आणलं. ही माणसांवरची रीतसर चाचणी होती, म्हणून तिला वजन आहे. पण स्तनाच्या कर्करोगात अमेरिकेतल्या ३,००० हून अधिक रुग्णांच्या चाचणीत अॅस्पिरिनचा फायदा दिसला नाही, हे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. अनेक कर्करोगांसाठीची 'अॅड-अॅस्पिरिन' ही मोठी चाचणी ब्रिटन, आयर्लंड आणि भारतात उभी राहिली. भारतात तिच्यात मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राचा पुढाकार आहे. तिथे रुग्ण निवडून घेतात आणि रक्तस्रावाचा धोका असलेल्यांना वगळतात. तुमच्या आईला आधीच अपिक्साबॅन चालू आहे. त्यावर घरच्या घरी अॅस्पिरिन चढवणं म्हणजे पोटात किंवा मेंदूत रक्तस्रावाला बोलावणं. भावाला हे माझ्या नावाने सांगा. त्याचा हेतू चांगला आहे, आईसाठी तो रात्री जागून वाचतोय हेही मला दिसतं. पण हे करायचं नाही. डोस वाढवायचाही नाही.

गोळी आईला जो फायदा देते तो सिद्ध झालेला आहे, आणि त्यासाठी उंदरांची साक्ष काढावी लागत नाही. कर्करोगाच्या रुग्णांत गुठळी पुन्हा होण्याचं प्रमाण मोठं असतं. २००३ च्या एका चाचणीत वॉरफरिन गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांत सहा महिन्यांत सुमारे १७ टक्के रुग्णांना पुन्हा गुठळी झाली, तर डॅल्टेपॅरिनची इंजेक्शनं घेणाऱ्यांत सुमारे ९ टक्के. २०२० मध्ये अपिक्साबॅनची तुलना त्याच इंजेक्शनांशी झाली. पुन्हा गुठळी झालेले ५.६ टक्के विरुद्ध ७.९ टक्के, आणि मोठा रक्तस्राव दोन्हीकडे जवळपास सारखा. रोज पोटात सुई टोचून घेण्याऐवजी आईला दोन गोळ्या पुरतात, त्या या कामामुळे. साधारणपणे हे औषध किमान सहा महिने चालतं, आणि कर्करोग किंवा त्याचा उपचार चालू असेपर्यंत पुढेही ठेवतात. कधी थांबवायचं ते कर्करोगतज्ज्ञ ठरवतील.

पालेभाज्या आजपासून सुरू करा. शेजारच्या काकूंचं त्यांच्यापुरतं बरोबर आहे. अॅसिट्रॉमवर मेथी-पालकाचं प्रमाण एकसारखं ठेवावं लागतं, कारण त्यातलं 'के' जीवनसत्त्व औषधाशी भांडतं. अपिक्साबॅनला तसलं काही बंधन नाही. केमोत तोंडाला चव नसते, त्यात आईची आवडती भाजी काढून घेण्याची काही गरज नव्हती. चांगली धुऊन, शिजवून द्या. टाळायचं ते वेगळंच आहे: अंगदुखीसाठी घरात पडलेली ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम, डायक्लोफेनॅक, आणि हळदीच्या किंवा लसणाच्या अर्काच्या कॅप्सूल. स्वयंपाकातली हळद-लसूण खुशाल चालू द्या. दुखलंच तर पॅरासिटॅमॉल, तेही आधी डॉक्टरांना विचारून, कारण केमोच्या दिवसांत त्याने ताप झाकला जातो.

पुढच्या भेटीत तीन गोष्टी नक्की विचारा. प्रत्येक केमोनंतर प्लेटलेट किती असतात आणि किती खाली गेल्यावर गोळी कमी किंवा बंद करायची? साधारण ५०,००० च्या खाली हा विचार होतो. आईला बुरशीचं किंवा फिटचं औषध चालू असेल तर ते अपिक्साबॅनशी जुळतं का? आणि केमोनंतर हार्मोनच्या गोळ्या द्यायच्या असतील तर टॅमॉक्सिफेन देणार की दुसरी? टॅमॉक्सिफेनने गुठळीचा धोका वाढतो, तेव्हा पायातल्या गुठळीचा उल्लेख त्या वेळी कागदावर समोर असायला हवा. काळी शौच, लघवीतून रक्त, न थांबणारा घोळणा किंवा डोकं आपटणं यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी दाखवा.

आई म्हणजे रुग्ण आहे, आणि तिच्यासमोर तीन माणसं तीन मतं मांडत बसली तर ती गोळी हातात धरूनही घेणार नाही. मामा आणि भाऊ दोघांनाही पुढच्या भेटीला बरोबर न्या. त्यांच्या शंका त्यांनी डॉक्टरांनाच विचाराव्यात, आईला नाही. सकाळची आणि संध्याकाळची गोळी देण्याचं काम घरातल्या एकाच माणसाने घ्यावं. ते तुम्ही घ्या.